मोठ्या कॅलिबरचं पहिलं रिव्हॉल्व्हर कसं निवडावं

मोठ्या कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरकडे वळणारा नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ताकदीचा: सगळ्यात जोरदार कोणतं? कुतूहल स्वाभाविक आहे. पण तुम्हाला कागदी लक्ष्यावर नेम धरायचा असेल, पोलादी पट्ट्या वाजवायच्या असतील, सुट्टीची सकाळ रेंजवर मजेत घालवायची असेल, तर हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारायचं ते असं: कोणतं रिव्हॉल्व्हर मी पन्नास-साठ बार न बिचकता चालवू शकेन?

माझं मत पक्कं आहे. हत्यार जड घ्या, काडतूस हलकं घ्या. मोठं कॅलिबर आणि मोठा धक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली हवी म्हणून दुसरी सोसलीच पाहिजे असं नाही.

आधी परवाना आणि रेंज

परवान्याचे नियम देशागणिक बदलतात, काही ठिकाणी प्रांतागणिकही. कुठे कॅलिबरवर मर्यादा असते, कुठे नळीच्या लांबीवर, कुठे घरात किती काडतुसं ठेवता येतील यावर. मॉडेलची नावं शोधायला लागण्याआधी हे लेखी पाहून घ्या.

दुसरी चौकशी रेंजवर करायची. बऱ्याच बंदिस्त रेंजवर मॅग्नम, म्हणजे जास्त दाबाची जोरदार, काडतुसं चालत नाहीत, कारण मागची गोळी अडवणारी भिंत तेवढ्या जोराची नसते. काही ठिकाणी उघड्या शिशाच्या गोळ्यांना मनाई असते. जिथे तुम्ही महिन्यातून दोनदा जाणार तिथे जे चालत नाही, ते विकत घेण्यात अर्थ नाही.

पहिली पायरी: कशावर मारणार ते ठरवा

२५ मीटरवर कागदी लक्ष्य हाच मुख्य बेत असेल आणि पुढे स्पर्धेत उतरायचं मनात असेल, तर त्या स्पर्धेचे नियम आत्ताच वाचा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर एवढंच कॅलिबर चालतं. म्हणजे .३८ इंचाचं बसतं, .४४ इंचाचं बसत नाही.

याउलट धातूच्या आकृत्या पाडायच्या सिल्हूट नेमबाजीत मोठ्या कॅलिबरला मान आहे. मेक्सिकोत सुरू झालेल्या या खेळात मोठ्या हँडगनच्या प्रकारात कोंबड्या ५० मीटरवर, डुकरं १००, टर्की १५० आणि मेंढे २०० मीटरवर उभे असतात. नुसतं लागून भागत नाही, आकृती पडावी लागते. २०० मीटरवरचा मेंढा पाडायला गोळीत वजनही हवं आणि वेगही. तिथे .४४ मॅग्नमला पूर्ण ताकदीचं कारण मिळतं.

निव्वळ मजेसाठी मारणाऱ्याला यातलं काहीच बंधनकारक नाही. पाण्याने भरलेली बाटली .४४ स्पेशल या सौम्य काडतुसानेही तितकीच छान फुटते. कागदावर .४४ ची गोळी जवळजवळ ११ मिलिमीटरचं भोक पाडते, ते साध्या डोळ्यांनी चांगल्या अंतरावरून दिसतं, आणि हे दिसणं मोठ्या कॅलिबरच्या मजेचा अर्धा भाग आहे.

दुसरी पायरी: कॅलिबर म्हणजे कुटुंब

इथे थोडं सावकाश वाचा, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

रिव्हॉल्व्हरचं एक मोठं सुख असं की मॅग्नमसाठी बनवलेल्या हत्यारात त्याच कुटुंबातलं जुनं, सौम्य काडतूस चालतं. .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालतं. .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशल. .४५४ कॅसुलमध्ये .४५ कोल्ट. या जोड्यांत गोळीचा व्यास एकच, फरक पितळी केसच्या, म्हणजे काडतुसाच्या कवचाच्या, लांबीचा आणि आतल्या दाबाचा. .३८ स्पेशल आणि .४४ स्पेशल या दोन्हींची मॅग्नम भावंडं तीनेक मिलिमीटर लांब केली गेली ती मुद्दाम, जुन्या अशक्त हत्याराच्या कप्प्यात ती चुकूनही पूर्ण बसू नयेत म्हणून. त्यामुळे नियम एकाच दिशेने चालतो: मॅग्नमच्या हत्यारात स्पेशल, स्पेशलच्या हत्यारात मॅग्नम कधीच नाही. नळीवर जे कोरलेलं असेल ते प्रमाण. दुकानदार काय म्हणतो, मित्र काय म्हणतो, ते नंतर.

आता कुटुंबं एकेक करून.

.३५७ मॅग्नम १९३५ साली बाजारात आलं. व्यासाने ते ९ मिलिमीटरच्या जवळ, म्हणून काटेकोर बोलणारे त्याला मोठ्या कॅलिबरमध्ये धरत नाहीत. तरीही मी नवख्याला आधी याचाच विचार करायला सांगतो. .३८ स्पेशलची वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाची गोळी, कागदात छिद्रयंत्राने पाडावं तसं स्वच्छ भोक पाडते. धक्का इतका सौम्य की सगळं लक्ष साइटवर, म्हणजे नेम धरायच्या खुणेवर, आणि चापावर राहतं. आणि मनात आलं की त्याच हत्यारात मॅग्नम भरून ७०० ज्यूलच्या वरचा बार काढता येतो.

.४४ मॅग्नम हे खरं मोठं कॅलिबर, आणि ज्याला मोठंच हवं आहे त्याला माझी शिफारस याचीच. .४४ स्पेशल १९०७ सालचं. एल्मर कीथसारख्या नेमबाजांनी त्यात वर्षानुवर्षं जास्तीची दारू भरून प्रयोग केले. त्यातून १९५५ मध्ये रेमिंग्टनचं काडतूस आणि स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्व्हर असं .४४ मॅग्नम जन्माला आलं. त्याच रिव्हॉल्व्हरला पुढे मॉडेल २९ हे नाव मिळालं. २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची गोळी मॅग्नममध्ये १००० ज्यूलच्या वर ऊर्जा घेऊन निघते. .४४ स्पेशलमध्ये जवळपास तेवढ्याच वजनाची गोळी ४०० ज्यूलच्या आसपास असते. हातातलं रिव्हॉल्व्हर तेच ठेवलं तर स्पेशलचा धक्का ऊर्जेच्या हिशेबाने मॅग्नमच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी भरतो. भोक मात्र तेवढंच मोठं.

.४५ कोल्ट १८७३ पासून आहे. जड, संथ गोळी, धक्का ढकलल्यासारखा, झोंबणारा नाही. शांतपणे मारायला फार सुंदर काडतूस. फक्त एक सावधगिरी. मूळ .४५ कोल्टचा दाब १४,००० पीएसआयच्या (दर चौरस इंचावर पौंड) हद्दीत ठेवलेला आहे, तर .४४ मॅग्नमचा ३६,००० पर्यंत जातो. आधुनिक, जाड सिलिंडरच्या (काडतुसांचे कप्पे असलेल्या फिरत्या नळकांड्याच्या) हत्यारांसाठी म्हणून .४५ कोल्टची काही जहाल काडतुसंही विकली जातात. ती जुन्या किंवा जुन्या घडणीच्या सिंगल ॲक्शनमध्ये (चौथी पायरी पाहा) घातली तर सिलिंडर फुटू शकतो. खोक्यावरचा इशारा वाचल्याशिवाय भरू नका.

.४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस, पण पहिल्या महायुद्धात कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन दोघांनीही त्याची रिव्हॉल्व्हरं बनवली. पत्र्याच्या चंद्रकोरीसारख्या क्लिपमध्ये काडतुसं अडकवून एकदम भरायची. आजची पूर्ण गोल क्लिप सहाच्या सहा एकदम घेते, त्यामुळे भरणं आणि रिकामं करणं झटपट. धक्का मवाळ. क्लिप जराशी वाकली की सिलिंडर अडकतो, एवढीच कटकट.

.४१ मॅग्नम चांगलं आहे, पण काडतुसं शोधत फिरावं लागतं. पहिल्या खरेदीला नको.

राहिले ते राक्षस. .४५४ कॅसुल, .४६० आणि .५०० स्मिथ अँड वेसन मॅग्नम. २००३ साली आलेलं .५०० तर ३००० ज्यूलच्याही वर जातं. ही शिकारीची हत्यारं आहेत, आणि अनुभवी हातांत त्यांची मजा मी नाकारत नाही. पण पहिलं रिव्हॉल्व्हर म्हणून ती नेमबाजी शिकवत नाहीत, धक्क्याची भीती शिकवतात. ती भीती एकदा बोटात शिरली की काढायला फार वेळ लागतो.

तिसरी पायरी: वजनाला घाबरू नका

दुकानात हलकं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की बरं वाटतं. तो मोह टाळा. हलकी मॉडेल्स दिवसभर कमरेला बाळगण्यासाठी असतात. पाऊण किलोच्या आतबाहेर वजनाची .४४ मॅग्नम बनवली जातात, पण पूर्ण ताकदीचे पाच-सहा बार काढले की तळहात झिणझिणतो आणि सातव्यासाठी उत्साह उरत नाही.

यामागचं गणित सोपं आहे. काडतूस तेच ठेवून हत्याराचं वजन दुप्पट केलं, तर मागे येणारी ऊर्जा निम्मी होते. म्हणून लक्ष्यावर मारायला सव्वा ते दीड किलोचं हत्यार उत्तम. स्मिथ अँड वेसनची सहा इंची ६८६ (.३५७) आणि ६२९ (.४४) साधारण सव्वा किलोच्या घरात बसतात. रुगरची साडेसात इंची सुपर रेडहॉक दीड किलोच्या आसपास.

फ्रेमचा, म्हणजे हत्याराच्या सांगाड्याचा, आकारही पाहा. स्मिथ अँड वेसन लहानापासून मोठ्याकडे जे, के, एल, एन, एक्स अशी अक्षरं वापरते. .३५७ घेताना के फ्रेमऐवजी एल फ्रेम घ्यावी असं मी सांगतो. के फ्रेमवर वेगवान, हलक्या गोळ्यांची मॅग्नम काडतुसं सतत मारल्याने नळीचं मागचं तोंड तडकल्याची उदाहरणं आहेत, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एल फ्रेम आली ती हाच ताण सोसण्यासाठी. रुगरची जीपी १०० त्याच वर्गातली, दणकट. .४४ साठी एन फ्रेम, रुगरची रेडहॉक आणि सुपर रेडहॉक, कोल्टची ॲनाकोंडा, टॉरसची रेजिंग बुल ही नावं समोर येतील. यातलं कोणतंही सुस्थितीतलं हत्यार नवख्याच्या नेमापेक्षा जास्त अचूक असतं, तेव्हा ब्रँडवरून वाद घालण्यात वेळ घालवू नका.

चौथी पायरी: सिंगल की डबल

सिंगल ॲक्शनमध्ये प्रत्येक बाराआधी घोडा, म्हणजे हॅमर, अंगठ्याने मागे ओढावा लागतो. डबल ॲक्शनमध्ये नुसता चाप ओढला तरी घोडा मागे जाऊन पडतो, आणि हवं तेव्हा अंगठ्याने ओढून सिंगलसारखंही मारता येतं. सिंगलने चाप दीड किलोच्या आसपास जोर मागतो, डबलने चार-पाच किलो.

कागदावर अचूक मारायला सिंगलचा हलका, तुटक चाप हवाच. पण डबलचा लांब ओढा शिकलात तर बोटावरचा ताबा असा सुधारतो की पुढे कोणतंही हत्यार सोपं जातं. दोन्ही देणारं एकच हत्यार मिळत असताना मी नवख्याला डबल ॲक्शनच सांगेन.

जुन्या पद्धतीच्या सिंगल ॲक्शनची ओढ मला समजते. एकेक काडतूस बाजूच्या झडपेतून भरणं, घोड्याचे ते टिकटिक आवाज, यात एक निवांतपणा आहे. जोरदार काडतुसाला त्याची वळणदार मूठ हातात मागे फिरते आणि धक्क्याचा बराच भाग त्या फिरण्यात जातो. काहींना हे फार मानवतं. पण जुनं मॉडेल घेत असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रुगरने १९७३ मध्ये ट्रान्सफर बार आणला. त्यामुळे चाप ओढलेला नसताना घोड्यावर आघात झाला तरी बार उडत नाही. ज्या हत्यारात ही सोय नाही, त्यात सहा कप्प्यांत पाचच काडतुसं भरायची आणि घोडा रिकाम्या कप्प्यावर ठेवायचा.

पाचवी पायरी: नळी आणि साइट

सहा इंच. फार विचार करू नका. चार इंची बाळगायला सोपी, आठ इंची पुढून जड होते आणि तासाभरात मनगट दुखू लागतं. सहा इंचीत दोन साइटमधलं अंतर पुरेसं मिळतं आणि पुढचं वजन नळीला वर उसळू देत नाही.

मागची साइट स्क्रूने वरखाली आणि डावीउजवीकडे सरकणारी हवी, कारण तुम्ही एकाच हत्यारात स्पेशल आणि मॅग्नम दोन्ही मारणार. जवळच्या अंतरावर जड, संथ गोळी बहुधा हलक्या, वेगवान गोळीपेक्षा वर लागते. ती नळीत जास्त वेळ असते आणि तेवढ्यात धक्क्याने नळी वर उचलली गेलेली असते. काडतूस बदललं की साइट बदलावी लागते, हे नवख्याला माहीत नसतं आणि तो हत्याराला दोष देतो. कागदासाठी पुढची साइट साधी काळी, चौकोनी असावी. चाळिशीनंतर पुढची साइट धूसर दिसायला लागली असेल तर रेड डॉट, म्हणजे लाल ठिपक्याची साइट, बसवता येईल असं मॉडेल बघा, त्यात कमीपणा काही नाही.

सहावी पायरी: मूठ

हत्यार रिकामं असल्याची स्वतः खात्री करा, विक्रेत्याची परवानगी घ्या आणि मूठ धरा. नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत यायला हवेत. तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज पोचलं पाहिजे. त्यासाठी मूठ बाजूला फिरवावी लागत असेल तर ती तुमच्या हाताला मोठी आहे, आणि धक्का अंगठ्याच्या सांध्यावर येईल.

मग मधलं बोट पाहा. चापाभोवतीच्या कडीच्या मागच्या बाजूला ते टेकलेलं असेल, तर मॅग्नमच्या प्रत्येक बाराला ती कडी त्या बोटाच्या पेरावर आदळणार. अशा वेळी ही मोकळी जागा भरून काढणारी रबरी मूठ बसवून घ्या. मागचा धातूचा कणा पूर्ण झाकणारी मूठ तळहाताला सगळ्यात जास्त वाचवते. लाकडी मूठ देखणी असते, आणि .४४ स्पेशलला पुरतेही. रोज मॅग्नम मारायचं असेल तर रबर.

सातवी पायरी: वापरलेलं घेत असाल तर

वापरलेलं रिव्हॉल्व्हर ही वाईट कल्पना नाही. मोठ्या कॅलिबरची बरीच हत्यारं हौसेने घेतली जातात, दोन खोकी मारली जातात आणि कपाटात पडून राहतात. पण तपासणी नीट करा.

सिलिंडर उघडा, प्रत्येक कप्पा डोळ्याने बघा आणि बोटाने चाचपा. नळीतून उजेडाकडे पाहा. आत कुठे गोल कड्यासारखी सावली दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे. असं हत्यार परत ठेवा, भाव कितीही पडला तरी.

सिलिंडर बंद करा आणि त्याच्या पुढच्या तोंडात व नळीत राहिलेली फट बघा. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा: ०.१ ते ०.२ मिलिमीटर ठीक, ०.२५ च्या पुढे नको. मग सिलिंडर बोटांनी पुढे-मागे ढकलून पाहा. किंचित हालचाल चालते, टकटक आवाज येऊ नये.

आता खरी परीक्षा. मोकळ्या हाताचं एक बोट सिलिंडरवर हलकेच टेकवून त्याला जरा अडवा आणि घोडा अगदी हळू मागे ओढा. घोडा पूर्ण मागे अडकेपर्यंत सिलिंडर खट्ट करून जागेवर बसला पाहिजे. हे प्रत्येक कप्प्याला करा. एखादा कप्पा थोडा आधीच थांबला आणि बोटाने ढकलल्यावर मग बसला, तर हत्याराचं टायमिंग गेलं आहे. गोळी तेव्हा नळीत सरळ शिरत नाही, तिच्या कडेचं शिसं तासलं जातं आणि फटीतून बाजूला उडतं. शेजारच्या लेनमधला माणूस तुमच्याकडे रागाने बघेल, आणि त्याचं बरोबर असेल.

शेवटी, घोडा मागे असताना त्याला अंगठ्याने पुढे दाबा, चापाला हात न लावता. तो पडता कामा नये. फ्रेमच्या वरच्या पट्टीवर, फटीच्या अगदी वर, जळाल्याची बारीक रेघ दिसेल. मॅग्नममध्ये ती पडतेच. थोडी खोल जाऊन बहुधा थांबते, तेवढ्यावरून सौदा मोडू नका.

आणि कुणी सिलिंडर मनगटाच्या झटक्याने फटकन बंद करताना दिसला तर त्याच्याकडून हत्यार घेऊ नका. त्या झटक्याने सिलिंडरची बिजागरी वाकते.

आठवी पायरी: विकत घेण्याआधी मारून पाहा

रेंजवर भाड्याने मिळत असेल तर उत्तम. नाहीतर ओळखीच्या नेमबाजाला विचारा, बहुतेक जण आनंदाने देतात.

कान आणि डोळे आधी. .४४ मॅग्नमचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो, आणि १४० च्या पुढचा एकच बारही कानाला कायमचा अधू करू शकतो. कानात बोळे, त्यावर इअरमफ, दोन्ही. चष्मा बंद कडांचा.

पकड दोन्ही हातांची, घट्ट. डावखुरे नसाल तर डावा अंगठा उजव्या अंगठ्यावर, आणि दोन्ही मागे. पिस्तूल मारणाऱ्यांना अंगठे पुढे ठेवायची सवय असते, इथे ती घातक आहे. सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून प्रत्येक बाराला तापलेला वायू आणि शिशाचे कण दोन्ही बाजूंना सुटतात. मॅग्नममध्ये त्यांचा जोर बोट चिरण्याइतका असतो. फटीच्या जवळ कोणतंही बोट नको, टेबलावर टेकवून मारतानाही नको.

पहिल्यांदा सिलिंडरमध्ये एकच काडतूस भरा. एकच. जड कॅलिबरच्या धक्क्याने हत्यार हातात मागे फिरतं. नवखा माणूस घाबरून मूठ आवळतो, बोट चापावरच असतं, आणि नळी आकाशाकडे असताना दुसरा बार उडतो. पुढचा कप्पा रिकामा असेल तर काहीच होत नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाला पहिल्यांदा मारायला देत असाल, तेव्हाही हाच नियम कडक पाळा.

लक्ष्य सात-आठ मीटरवर ठेवा. स्पेशल काडतुसांनी सुरुवात करा. मग मित्राला सांगा, सिलिंडरमध्ये तीन भरलेली आणि तीन रिकाम्या केसेस तुला वाटेल तशा मिसळून लाव. तुम्हाला माहीत नसावं कोणता कप्पा भरलेला आहे. रिकाम्या केसवर घोडा पडेल तेव्हा पुढच्या साइटकडे बघा. ती जागेवर राहिली तर तुमचा चाप चांगला आहे. ती खाली डुबकी मारत असेल तर तुम्ही बार उडायच्या आधीच धक्का दाबायला जाताय. मोठ्या कॅलिबरने चुकलेले नेम बहुतेक याच डुबकीमुळे चुकतात. उपाय म्हणजे घरी डमी (दारू नसलेल्या) काडतुसांवर कोरडा सराव, आणि रेंजवर पुन्हा हाच खेळ, साइट स्थिर राहीपर्यंत. मॅग्नम तोवर खोक्यातच राहू द्या.

घोडा पडला आणि बार उडाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबा, घोडा पुन्हा ओढू नका. उशिरा पेटणारं काडतूस सिलिंडर फिरल्यावर उडालं तर समोर नळीच नसेल. आणि फुसका बार झाला, म्हणजे आवाज दबका आणि धक्का जवळजवळ नाही, तर तिथेच थांबायचं. गोळी बहुधा नळीत अडकलेली आहे. हत्यार रिकामं करून नळी तपासल्याशिवाय दुसरा बार काढायचा नाही.

काडतुसं, पोलाद, मागची भिंत

पहिल्या वर्षाचा साठा बहुतेक स्पेशलचा असू द्या. मॅग्नम मारताना, विशेषतः हलक्या हत्यारात, दोन-तीन बारांनंतर राहिलेल्या काडतुसांकडे एक नजर टाका. धक्क्याने त्यांच्या गोळ्या केसमधून हळूहळू पुढे सरकतात आणि सिलिंडरबाहेर डोकावल्या की सिलिंडर अडकतो.

पोलादी पट्ट्या खास कडक केलेल्या पोलादाच्याच वापरा, आणि त्या किंचित खाली झुकलेल्या असू द्या, म्हणजे शिशाचे तुकडे जमिनीत जातात. दहा मीटरच्या आत कधीच नाही, मॅग्नमला त्याहून बरंच लांब. पृष्ठभागावर खड्डे पडलेली पट्टी फेकून द्या, खड्डा तुकडे परत तुमच्याकडे पाठवतो. उघड्यावर मारत असाल तर मागे मातीचा उंच बांध हवाच. .४४ मॅग्नमची गोळी अडली नाही तर दोन किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. दगडावर आणि पाण्याच्या पृष्ठभागावर मारू नका, गोळी उसळून कुठे जाईल सांगता येत नाही.

मारून झाल्यावर

केसेस बाहेर काढताना नळी आकाशाकडे करा आणि मागे ढकलणाऱ्या दांडीवर तळहाताने एकच जोरदार फटका द्या. नळी खाली ठेवून हळूहळू ढकललं तर न जळलेल्या दारूचे कण केसेस उचलणाऱ्या चांदणीखाली पडतात. त्यातला एखादा कण तिथे राहिला तरी सिलिंडर घट्ट फिरतो, आणि माणूस उगाच दुरुस्तीवाल्याकडे पळतो. एक जुना टूथब्रश पिशवीत ठेवा, चांदणी वर करून खालून झाडून घ्या.

हात साबणाने आणि थंड पाण्याने धुवा. शिशाचे कण अंगावर असतात, त्याआधी खाणंपिणं नको.

स्पेशल काडतुसं मॅग्नमच्या कप्प्यात मारली की आत काजळीचं कडं साचतं. ते काढलं नाही तर पुढच्या वेळी लांब मॅग्नम केस नीट बसत नाही किंवा निघताना अडते. कांस्याचा ब्रश आणि सॉल्व्हेंट प्रत्येक कप्प्यात फिरवा. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावरचे काळे डाग मात्र घासत बसू नका, ते पुढच्याच बाराला परत येतात आणि काही बिघडवत नाहीत. मोठ्या कॅलिबरच्या धक्क्याने स्क्रू सैल होतात, तेव्हा मापाच्या स्क्रूड्रायव्हरने मुठीचा, साइटचा आणि बाजूच्या पट्टीचा प्रत्येक स्क्रू तपासा. केसेस ढकलणारी दांडीही घट्ट आहे ना ते पाहा. ती सैल झाली की सिलिंडर उघडतच नाही.

पातळ तेलाचा हात फिरवा, कुलूपबंद पेटीत ठेवा, काडतुसं दुसऱ्या कुलपात. चामड्याच्या म्यानात कधीच ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि काही महिन्यांत त्याच जागी गंज चढतो.